‘फाउंड फुटेज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा : एका भयपटाच्या परीक्षणात ‘सापडलेल्या फुटेज शैलीचा अतिवापर निराशाजनक आहे’ असं वाक्य लिहिलं, पण ते कानाला खटकतंय. ‘फाउंड फुटेज’ला नीट मराठी शब्द आहे का, आणि ‘अतिवापर’ सोडून काय लिहिता येईल?

खटकतंय ते बरोबरच आहे. (फाउंड फुटेज म्हणजे कथेतल्या पात्रांनीच चित्रित केलेलं आणि मागाहून कुणाला तरी सापडलेलं, असं भासवून दाखवलेलं चित्रण.) पण एक शब्द बदलून भागणार नाही, जवळजवळ सगळेच तपासावे लागतील.

‘फुटेज’ला हात लावायची गरज नाही. ‘तो फार फुटेज खातो’ असं आपण सर्रास म्हणतो, म्हणजे शब्द घरचाच झालाय. मुळात तो ‘फूट’वरून आला. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने मिनिटाला ९० फूट फिल्म जाते, आणि किती चित्रण झालं ते फुटांत मोजलं जायचं. आता मेमरी कार्डावर ना फूट ना इंच, तरी शब्द टिकलाय. ‘चित्रफीत’चंही तेच : फीत गेली, चित्रफीत राहिली. (आणि ‘फीत’सुद्धा पोर्तुगीजांकडून आलेली, तेव्हा शुद्धतेचा आग्रह धरून हाती फारसं काही लागत नाही.) मराठीच हवं असेल तर ‘चित्रण’ घ्या, ‘सीसीटीव्ही चित्रण’ बातम्यांमध्ये रुळलेलं आहे. ‘चित्रीकरण’ नको, ती क्रिया झाली. लिहिताना ‘फूट’ दीर्घ, पण ‘फुटेज’ ऱ्हस्व.

खरी मेख ‘फाउंड’मध्ये आहे. ‘गवसलेलं’ बाद. सूर गवसतो, वाट गवसते. गवसण्यात शोध आणि आनंद दोन्ही आहेत, आणि जंगलात बेपत्ता झालेल्या मुलांचा कॅमेरा कुणाला ‘गवसत’ नाही. ‘हस्तगत’ म्हटलं की पंचनामा सुरू होतो. ‘सापडीव’ असा शब्द घडवायचा मोह होईल, पण कोरीव, घडीव, ओतीव हे शब्द कोरणं, घडवणं, ओतणं अशा सकर्मक क्रियांचे आहेत. ‘सापडणं’ त्या पंगतीत बसत नाही. उरतं साधं ‘सापडलेलं’. तेच सर्वांत चांगलं, कारण मराठीत ‘सापडणं’ला दोन धारा आहेत. हरवलेली वस्तू सापडते आणि माणूस कचाट्यातही सापडतो. या चित्रपटांत चित्रण पहिल्या अर्थाने सापडलेलं असतं आणि चित्रण करणारे दुसऱ्या अर्थाने. इंग्रजी शब्दाला हे जमत नाही.

शिवाय ‘सापडलेली रोजनिशी’, ‘सापडलेलं हस्तलिखित’ ही कादंबरीतली जुनी क्लृप्ती आपल्याला ओळखीची आहे. १८९७ ची ‘ड्रॅक्युला’ रोजनिश्या, पत्रं आणि कात्रणांतूनच उलगडते. ‘सापडलेलं चित्रण’ त्याच घराण्यातलं.

एक फरक मात्र सांभाळा. प्रायोगिक चित्रपटात ‘फाउंड फुटेज’चा अर्थ वेगळा आहे : दुसऱ्यांनी कधीतरी चित्रित केलेले तुकडे जमवून, जोडून केलेली नवी कृती. ब्रूस कॉनरची १९५८ ची ‘अ मूव्ही’ तशी आहे. तिथे तुकडे खरोखर सापडलेले असतात. त्याला मी ‘जुन्या चित्रणांची गोधडी’ म्हणेन. भयपटात सापडल्याचं फक्त सोंग असतं.

म्हणून ‘शैली’ हा शब्द इथे चुकतो. हातात धरलेला, हलणारा कॅमेरा ही शैली. ‘हे आम्ही बनवलेलं नाही, मिळालेलं दाखवतोय’ ही बतावणी. दोन्ही एकत्र असायलाच हवीत असं नाही. ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’त (२००७) सगळ्यांत भीतिदायक भाग तिपाईवर ठेवलेल्या, न हलणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलाय, तरी बतावणी पूर्ण आहे. उलट कितीतरी चित्रपटांत कॅमेरा थरथरत असतो, पण तो कथेतल्या कुणाच्याच हातात नसतो. त्याला ‘हातकॅमेरा’ म्हणा आणि सोडून द्या.

बतावणी आहे की नुसती शैली, हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात : कॅमेरा कुणाच्या हातात आहे, तो अजून चालू का आहे, आणि हे आपल्यापर्यंत कुणी जोडून आणलं? ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) सुरुवातीच्या पाटीवरच शेवटच्या प्रश्नाचा निकाल लावतो : तीन विद्यार्थी बेपत्ता झाले आणि वर्षाने त्यांचं चित्रण सापडलं. ‘क्लोव्हरफिल्ड’मध्ये (२००८) नवं चित्रण जुन्या चित्रणावरच झालेलं आहे, त्यामुळे कॅमेरा थांबतो तिथे आधीचा सुखाचा दिवस खालून डोकावतो. सापडलेलं चित्रण असंच असतं.

आता वैताग कशाचा ते बघा. चौकटीच्या कोपऱ्यात लाल ठिपका, ‘आरईसी’ ही अक्षरं आणि बॅटरीचं चित्र लुकलुकत असतं. कॅमकॉर्डरवर या खुणा सहसा चित्रण करणाऱ्याला व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीत दिसतात, टेपवर उतरत नाहीत. (तारीख-वेळ चित्रावर छापायची सोय काही कॅमेऱ्यांत असते, ती गोष्ट वेगळी.) म्हणजे ठिपका दिसतोय तर आपण मृत माणसाच्या डोळ्याने व्ह्यूफाइंडरमध्ये बघतोय, नंतर सापडलेलं काही बघत नाही. एवढ्याशा ठिपक्याने ‘फाउंड’ शब्द खोटा ठरतो. दुसरं, कथेतला कॅमेरा डिजिटल आणि बिघाड मात्र जुन्या व्हीएचएस व्हिडिओ टेपचा, आडव्या पट्ट्यांचा. डिजिटल टेप बिघडली की चित्राचे चौकोनी ठोकळे पडतात. तिसरं, भर वाऱ्यात पळणाऱ्याच्या कॅमेऱ्यातला आवाज स्टुडिओसारखा स्वच्छ. छोट्या माइकवर वारा आदळला की बोलणं फरफरीत बुडतं. आणि एकच कॅमेरा असताना संवादात बोलणाऱ्याचा आणि समोरच्याचा चेहरा आलटून पालटून दिसणं! हे दिसलं की परीक्षणात खुशाल लिहा : ‘बतावणी उघडी पडते.’

आता ‘अतिवापर’. हा शब्द खतांना आणि प्रतिजैविकांना ठीक आहे. मराठीत या तक्रारीला पुष्कळ शब्द आहेत, पण प्रत्येकाचा रोख वेगळा. एकदम खूप निघाले, तर ‘पेव फुटलं’. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार, त्यामुळे यात अचानकपणा आहे. ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ सुमारे १५ हजार डॉलरमध्ये झाला आणि त्याने कोट्यवधी कमावले. त्यानंतर झालं त्याला पेव फुटणं हेच नाव. एकाच मालिकेचे भाग ठरल्या वेळी येत राहिले, तर ‘रतीब’. क्लृप्ती तीच, पण रस संपलाय, तर ‘चावून चोथा’. धार गेली असेल तर ‘गुळगुळीत’. आणि दिग्दर्शकाने कष्टच घेतले नसतील तर ‘पाट्या टाकल्यात’. पहिले दोन शब्द संख्येबद्दल आहेत, पुढचे दोन क्लृप्तीबद्दल, शेवटचा माणसाबद्दल. एका वाक्यात पेवही फुटलं आणि चोथाही झाला, असं करू नका.

‘निराशाजनक’ निकालाला शोभतं, परीक्षेच्या किंवा निवडणुकीच्या. अपेक्षा होती आणि मोडली, तर ‘हिरमोड’. लाल ठिपक्यासारख्या गोष्टींनी होतो तो ‘वैताग’. अतिरेकाने येतो तो ‘वीट’ किंवा ‘उबग’, आणि तुम्हाला हवा आहे तो हाच. ‘वीट आला’ म्हटलं की अति झालं हे वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘सापडलेल्या चित्रणाची बतावणी, म्हणजेच फाउंड फुटेज’ असं एकदा लिहून टाका आणि पुढे नुसतं ‘फाउंड फुटेज’ वापरा, कुणी अडणार नाही. वाक्य असं होईल : ‘भयपटांतल्या फाउंड फुटेजचा आता वीट आलाय.’ तक्रार याच चित्रपटापुरती असेल तर : ‘कॅमेरा हलतो भरपूर, पण हे चित्रण कुणाला सापडलं ते दिग्दर्शकालाच ठाऊक नाही.’