लाल स्कूटी आधी कुठं होत्या?

प्रश्न: ताई, महिन्याखाली लाल स्कूटी घेतली, आता सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंत लाल स्कूटीच दिसतात, असं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: अगं, त्या आधीपण होत्याच, तुझं लक्ष नव्हतं. मेंदू सगळं धरून ठेवत नाही, कामाचं वाटतं तेवढंच वर काढतो. १९९९ मध्ये सायमन्स आणि चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना व्हिडिओतले बॉलचे पास मोजायला लावले, मधूनच गोरिलाच्या वेशातली बाई छाती बडवून गेली तरी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही! माझे वडील लूमवर होते, चादरीतला एक तुटका धागा त्यांना लांबून दिसायचा, मला हात फिरवूनपण सापडायचा नाही. आता आठवडाभर जाता-येता सिद्धेश्वर तलावाकाठची झाडं बघ, आणि काय दिसलं ते मला नक्की कळव.