आजवरचे सर्वश्रेष्ठ हेवीवेट बॉक्सर कोण? टायसन पहिला का नाही?

तुम्ही विचारलंय की हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातल्या, बॉक्सरांची सर्वकालीन क्रमवारी कशी लावायची, आणि माइक टायसनला पहिला क्रमांक का मिळत नाही. आधी माझी क्रमवारी सांगून टाकतो. मुहम्मद अली, जो लुई, जॉर्ज फोरमन, लेनॉक्स लुईस, लॅरी होम्स, रॉकी मार्सियानो, जॅक जॉन्सन, इव्हँडर होलिफिल्ड, जो फ्रेझियर आणि दहावा टायसन.

अशा याद्या बहुतेक वेळा नॉकआउट मोजून किंवा "हे दोघं समोरासमोर आले असते तर" अशी कल्पना करून बनतात. त्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. जो लुई ऐन भरात सुमारे 90 किलोचा होता, मार्सियानो 85 किलोच्या आसपास, तर लेनॉक्स लुईस 110 किलोचा. मार्सियानो आज असता तर क्रूझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटात, खेळला असता. म्हणून मी दोन गोष्टी बघतो. कुणाला हरवलं आणि तो प्रतिस्पर्धी तेव्हा किती भरात होता, ही पहिली. दुसरी माझ्या लेखी जास्त महत्त्वाची: स्वतः हरल्यावर त्या माणसाने काय केलं.

जो लुई घ्या. जून 1936मध्ये मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत नॉकआउट केलं. श्मेलिंगने लढतीआधी हेरून ठेवलं होतं की लुई जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारल्यावर डावा हात खाली सोडतो. त्याच मोकळ्या जागेतून तो रात्रभर उजवा ठोसा घालत राहिला. लुई पुढच्या वर्षी जगज्जेता झाला, पण श्मेलिंगला हरवल्याशिवाय मला चॅम्पियन म्हणू नका, असं त्याचं म्हणणं होतं. जून 1938मध्ये यांकी स्टेडियमवर दोघं पुन्हा भेटले आणि 124 सेकंदांत सगळं आटोपलं. त्यानंतर 1949मध्ये निवृत्त होईपर्यंत लुईने विजेतेपद सोडलं नाही. एकूण 25 वेळा ते राखलं. यातले काही प्रतिस्पर्धी सुमार होते हे मान्य, पण 1941मध्ये बिली कॉन गुणांवर पुढे असताना तेराव्या फेरीच्या अगदी शेवटच्या क्षणी त्याला आडवा करणं हे सुमार काम नव्हे.

मग अली वर का? त्याने हरवलेल्या माणसांमुळे. 1964मध्ये सोनी लिस्टन, ज्याच्यासमोर उभं राहायला लोक घाबरायचे. त्यानंतर सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे 1967 ते 1970 अशी साडेतीन वर्षं तो रिंगबाहेर राहिला. 25 ते 28 हे वय बॉक्सरसाठी सोन्याचं, आणि ते तसंच गेलं. नोव्हेंबर 1966मधली क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची त्याची लढत जरूर बघा. इतक्या मोठ्या देहाचा माणूस पायांवर इतका हलका मी दुसरा पाहिलेला नाही. परतल्यावर ते पाय उरले नव्हते. 1971मध्ये फ्रेझियरने पंधराव्या फेरीत लेफ्ट हुकने (डाव्या हाताच्या बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) त्याला पाडलं आणि जिंकलं. 1973मध्ये केन नॉर्टनने जबडा मोडला. दोघांनाही त्याने नंतर हरवलं.

आणि 1974मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासा शहरात फोरमनशी लढत. फोरमन तेव्हा 40 पैकी 40 लढती जिंकलेला होता. अलीला हरवणाऱ्या फ्रेझियर आणि नॉर्टन या दोघांनाही त्याने दोन-दोन फेऱ्यांत गुंडाळलं होतं. अली दोरांना टेकला, ठोसे हातांवर आणि बरगड्यांवर झेलत राहिला आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला खाली पाडलं. पाय गेले तर दुसरी विद्या काढायची, हे त्या रात्री दिसतं. 1976मधला नॉर्टनवरचा तिसरा विजय मात्र मला अजूनही पटत नाही. ती लढत नॉर्टनची होती.

फोरमनला तिसरा क्रमांक दिल्याबद्दल माझ्याशी अनेक जण भांडतात. तो 1977मध्ये निवृत्त झाला, दहा वर्षांनी परत आला आणि नोव्हेंबर 1994मध्ये, वयाच्या 45व्या वर्षी, गुणांवर मागे असताना दहाव्या फेरीत मायकेल मूररला नॉकआउट करून पुन्हा जगज्जेता झाला. त्या रात्री त्याच्या कोपऱ्यात उभा होता अँजेलो डंडी, किन्शासात अलीच्या कोपऱ्यात उभा असलेला तोच प्रशिक्षक. अंगावर चड्डीही किन्शासातलीच होती, लाल. वीस वर्षं ती हार मनात जपून तो हे करायला परतला, असं मला वाटतं.

लेनॉक्स लुईसचंही असंच. 1994मध्ये ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्या फेरीत संपवलं. मॅकॉलचा प्रशिक्षक होता इमॅन्युएल स्टुअर्ड. लुईसने थेट स्टुअर्डलाच आपल्याकडे घेतलं! ज्याने आपल्याला हरवायची युक्ती आखली त्याच्याकडेच शिकायला जाणं, याला मोठं मन लागतं. मॅकॉलला त्याने पुढे हरवलं. 2001मध्ये हासिम रहमानकडून हरला आणि त्याच वर्षी चौथ्या फेरीत परतफेड केली. व्यावसायिक कारकिर्दीत त्याला हरवणारे हे दोघेच.

आता टायसन. 1986मध्ये वीस वर्षांचा असताना तो सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला. 1988मध्ये अपराजित मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत उडवलं. ती दोन-तीन वर्षं पाहताना आजही अंगावर काटा येतो. डोकं सतत हलतं, आत शिरतो आणि मग बरगडीवर व हनुवटीवर एकापाठोपाठ ठोसे. पण त्याच 1988मध्ये त्याने केव्हिन रूनी या आपल्या प्रशिक्षकाला दूर केलं. फेब्रुवारी 1990मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत नॉकआउट केलं. ती परतफेड कधीच झाली नाही. होलिफिल्डकडून 1996मध्ये हरला, 1997च्या पुन्हा झालेल्या लढतीत त्याचा कान चावून बाद झाला आणि 2002मध्ये लेनॉक्स लुईसने आठव्या फेरीत त्याला झोपवलं. शिखरावरचा टायसन कुणालाही भारी पडला असता, पण शिखरावरून पडल्यानंतरच्या टायसनकडे दाखवण्यासारखं फार थोडं आहे.

मार्सियानो सहावा का, हेही लोक विचारतात. 49 लढती, 49 विजय, 43 नॉकआउट. 1952मध्ये पहिल्याच फेरीत खाली पडून, गुणांवर मागे राहून, तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशात त्याने जर्सी जो वॉलकॉटला आडवं केलं. पण वॉलकॉट तेव्हा 38 वर्षांचा होता, आणि आदल्या वर्षी ज्या जो लुईला मार्सियानोने हरवलं तो 37 वर्षांचा. होम्सला मी मार्सियानोच्या वर ठेवतो, कारण होम्सने वीस वेळा विजेतेपद राखलं आणि त्याचा जॅब हेवीवेटमधला सर्वोत्तम होता. 1979मध्ये अर्नी शेव्हर्सच्या भयंकर उजव्या ठोशावर पडून तो कसा उठला, हे एकदा बघाच.

जॅक जॉन्सन 1908मध्ये सिडनीत पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. बचावात तो काळाच्या फार पुढे होता, पण जगज्जेता झाल्यावर त्याने सॅम लँगफर्ड या त्या काळच्या तगड्या बॉक्सरला विजेतेपदाची संधी दिली नाही, म्हणून खाली घसरला.

युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकला मी मुद्दाम यादीबाहेर ठेवलंय. 2024मध्ये त्याने ब्रिटनच्या टायसन फ्युरीला दोनदा हरवलं, तेही अंगाने कितीतरी लहान असून. पण हरलेला उसिक मी अजून पाहिलेला नाही.