ओळखीचं कोणी भेटलं तर?

प्रश्न: ताई, केज तालुक्यात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, वय ४३. कंपन्यांच्या पार्ट्यांपासून लागलेली दारू आता दुपारपासूनच लागायलीय. आषाढीला माळ घातली, दिवाळीत काढून ठेवली. मागं एकदा एकदम बंद केली तर दुसऱ्या दिवशी हात इतके कापायले की चहाचा कप धरता येईना, रात्रभर घाम, मग भीतीनं परत घेतली. एकानं एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा ग्रुप) मीटिंगचं सांगितलं. जावं वाटतंय, पण तिथं ओळखीचं कोणी भेटलं तर? आणि काय करतेत तिथं, भाषण असतं का?
– एक दुकानदार

उत्तर: दादा, मीटिंगचं नंतर, आधी ते हात कापायचं बोलू. रोज पिणाऱ्यानं झटक्यात बंद केली की काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, पुढं दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, नाही ते दिसायला लागतं, माणूस दगावूसुद्धा शकतो. म्हणून यावेळी घरच्या घरी जिद्दीवर बंद करू नका. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ आहे, तिथं मानसोपचार ओपीडीला जा, रोज किती घेता आणि शेवटची कधी घेतली ते खरं सांगा (निम्मं सांगितलं तर डॉक्टर गोळ्याही त्याच हिशोबानं देणार). जवळपास मीटिंग कुठं भरते तेही तिथंच विचारा, नाहीतर १४४४६ ला फोन लावा, सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. मीटिंगचा वार आणि जागा बदलत राहते, तेव्हा निघायच्या आधी खात्री करा. बऱ्याच मीटिंगा संध्याकाळी असतात, परतीची शेवटची गाडी कितीला आहे तेही बघून ठेवा, नाहीतर स्टँडवर बसून राहायची वेळ येईल आणि स्टँडच्या आसपास काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता ओळखीचं. समजा भेटलं, तर तो तिथं कशाला आलाय? त्यालाही तुमच्याइतकीच धाकधूक असणार. तिथं नाव-गाव-आडनाव कोणी विचारत नाही, रजिस्टर नाही, फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट, आणि तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं असा रिवाज. आणि राग मानू नका, पण दुपारी दुकानात वास येतो हे गिऱ्हाइकांना कळत नसेल असं वाटतंय का तुम्हाला? तरीही जीव धजत नसेल तर सरळ लातूरला चौकशी करा, आपल्याच तालुक्यात जावं असा नियम नाही. मोबाइलवर ऑनलाइन मीटिंगाही असतात.

भाषण नसतं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातनं हे उभं राहिलं, आणि पद्धत अजून तीच आहे. एकेक जण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि आपलं सांगतो, मधी कोणी सल्ला देत नाही. कोणी पगार उडवलेला, कोणी पोरीच्या लग्नात पिऊन पडलेला. तुम्हाला बोलायचं नसेल तर नुसतं ऐकतो म्हणावं, चालतं. वर्गणीसाठी पिशवी फिरते, नवीन माणसानं नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. शेवटी प्रार्थना असते, पण देव कोणता ते ज्याचं त्यानं ठरवायचं, तुमची माळ आड येत नाही. फक्त एकदा जाऊन 'आपल्यासारखं नाही कोणी' म्हणून सोडून देऊ नका, चार-सहा वेळा जा, शक्यतो दोन वेगवेगळ्या ग्रुपला. जुना कोणी फोन नंबर देईल तो घ्या आणि प्यावंसं वाटलं की प्यायच्या आधी लावा, प्यायल्यावर नाही.

प्रश्न: भिंतीवर जाहिरात बघितली, न सांगता पावडर देऊन दारू सोडवा म्हणून. मालकांच्या भाजीत टाकू का? ते कुठंच यायला तयार नाहीत.
– परभणी जिल्ह्यातली एक बहीण

उत्तर: अजिबात नाही. त्या पुडीत काय असतं ते आपल्याला कळत नाही, आणि डायसल्फिराम नावाचं औषध निघालं तर त्यावर दारू पडली की तोंड लालबुंद, उलट्या, धडधड, बीपी खाली, जीवसुद्धा जाऊ शकतो. ते औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं. मालक येत नसतील तर तुम्ही एकट्या जा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचा वेगळा ग्रुप असतो, १९५१ पासून चालतोय, त्यासाठी मालकांनी दारू सोडलेली असावी लागत नाही. एएच्या काही मीटिंगा 'ओपन' असतात, तिथंही घरच्यांना बसता येतं, फोनवर तेवढं विचारून घ्या. आणि ते प्यायलेले असताना हा विषय काढू नका, सकाळी काढा. उसने पैसे फेडणं, कामावर 'बरं नाही त्यांना' म्हणून सांगणं, हे हळूहळू बंद करा. मारहाण होत असेल तर मात्र ग्रुपची वाट बघू नका, १८१ ला फोन करा.