पाडव्याचा मुहूर्त, गुरुवारचा निकाल

मार्च लागला की या सदराच्या टपालात दुसरा विषयच नसतो. नव्या मालिका एवढ्या एकदम का, आमची जुनी कुठे गेली, अमकी बघू की तमकी. संवादलेखक म्हणून या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे उत्तरं देताना कुणाची सारवासारव करणार नाही.

ताई, दरवर्षी पाडव्याच्या आगेमागे सगळ्याच वाहिन्या नव्या मालिका आणतात. मुहूर्त बघतात का? आणि आमची साडेसातची आवडती मालिका त्यापायी संध्याकाळी साडेसहाला ढकलली, ती का? (कराडहून एक गृहिणी)

मुहूर्त बघतात, पण तो सेटवर नारळ फोडायचा. पहिला भाग कधी दाखवायचा हे वाहिनीचं कॅलेंडर ठरवतं, आणि त्या कॅलेंडरात पाडव्यापेक्षा आयपीएल मोठी. 2024 साल घ्या. झी मराठीने 'पारू' आणि 'शिवा' 12 फेब्रुवारीला आणल्या. मग 18 मार्चच्या एकाच सोमवारी झीवर 'नवरी मिळे हिटलरला', तर स्टार प्रवाहवर 'घरोघरी मातीच्या चुली' आणि 'साधी माणसं'. त्याच आठवड्यात शुक्रवारी, 22 तारखेला, आयपीएल सुरू झाली. पाडवा होता 9 एप्रिलला. हिशोब तुम्हीच करा. मॅच साडेसातला सुरू होते, म्हणजे नेमकी आपल्या मालिकांच्या वेळेत. ज्या घरात टीव्ही एकच, तिथे मॅचच्या आधी चार दिवस तरी नायिकेची ओळख झालेली बरी. नाहीतर मे अखेरपर्यंत तिचं तोंड बघायला कुणी रिमोट हातात देत नाही.

दुसरं असं, की पाडव्यापर्यंत पडद्यावरच्या घराला दोन-तीन आठवडे होऊन गेलेले असतात. खाष्ट कोण, गरीब गाय कोण, धाकट्याचं कुठे जुळतंय हे प्रेक्षकाला ठाऊक असलं, तरच गुढीसमोरच्या भांडणात रंग भरतो. त्यात मुलांच्या परीक्षा उरकत आलेल्या, एप्रिलपासून कंपन्यांचं नवं आर्थिक वर्ष, आणि एसी, पंखे, आइस्क्रीम, कोल्ड्रिंकवाले जाहिरातींचे पैसे घेऊन दारात उभे. असा सगळा योग वर्षात फार वेळा येत नाही.

तुमच्या मालिकेचं म्हणाल, तर साडेसहाची वेळ हा मालिकेचा वानप्रस्थ. तिथून परत आलेली मालिका विरळा. लेखकाला तेव्हा सांगतात, 'ताई, सगळे ट्रॅक गुंडाळायला घ्या.' मग वर्षभर हरवलेली आठवण दोन भागांत परत येते, तुरुंगातला सुटतो आणि खलनायिका पाया पडते. तुमच्याकडे कुणी पाया पडायला लागलं असेल तर समजून जा.

टीआरपी नक्की कोण मोजतं? आमच्या सोसायटीत कधीच कुणी विचारायला आलं नाही. (नाशिकहून अकरावीतला विद्यार्थी)

विचारायला येतच नाहीत रे. 2015 पासून हे काम बार्क नावाची संस्था करते. देशभरात पन्नास हजारांहून जास्त निवडक घरांत तिचे मीटर आहेत, आणि ती घरं कुठली हे गुप्त ठेवलं जातं. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती हा मीटर ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसलं की ते दाबायचं, म्हणजे आजी बघतेय की नातू हेही कळतं. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात.

हा गुरुवार सेटवर कसा असतो ते सांगते. सकाळी सगळे जरा जास्तच हसतखेळत असतात. अकराच्या सुमाराला वाहिनीचा ईपी, म्हणजे आमच्यावर नेमलेला कार्यकारी निर्माता, फोन कानाला लावून मेकअप रूमबाहेर येरझाऱ्या घालायला लागतो. आकडा कुणी मोठ्याने विचारत नाही. त्याने आत येऊन 'चहा सांगा रे सगळ्यांना' म्हटलं तर बरा आहे. थेट माझ्याकडे येऊन 'ताई, पाच मिनिटं बोलू या का?' म्हटलं, की मी वही उघडते, कारण पुढच्या सोमवारपासून कुणाचा तरी अपघात व्हायचा असतो. नव्या मालिकेला पहिल्या आठवड्याचा आकडा प्रोमोच्या पुण्याईवर मिळतो. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी जो येतो, तो तिचा स्वतःचा.

प्रोमो सगळेच झकास असतात. त्यातून बघण्यासारखी मालिका ओळखायची कशी? (डोंबिवलीचे एक निवृत्त बँक कर्मचारी)

काका, प्रोमोवरून ओळखूच नका. प्रोमो बहुतेकदा वेगळा चित्रित होतो, वेगळ्या लोकांकडून, दोन-दोन दिवस घालवून, भरपूर पैसा ओतून. मालिकेच्या रोजच्या बारा तासांच्या शिफ्टमध्ये एक अख्खा भाग काढायचा असतो. प्रोमोतला वाडा आणि नदीचा घाट तुम्हाला पुन्हा दिसेलच असं नाही. मिरा रोड नाहीतर घोडबंदरच्या सेटवरचा दिवाणखाना मात्र रोज दिसेल.

मी स्वतः तिसऱ्या आठवड्यातला मधलाच एखादा भाग लावते आणि पहिला प्रश्न विचारते: सकाळी अकरा वाजता या घरातली माणसं काय करतात? नायक 'कंपनीचा मालक' असेल, पण कंपनी काय बनवते हे तीन आठवड्यांत एकदाही कळलं नसेल, तर लेखकालाही ते माहीत नाही असं समजा. दुसरं म्हणजे खलनायिकेला कारण आहे का. मत्सर हे कारण नव्हे, तो स्वभाव झाला. जमीन, नोकरी, जुना अपमान, असं काहीतरी हातात धरण्यासारखं हवं. तिसरं, एका वाक्यावर किती चेहरे दाखवतात ते मोजा. अर्ध्या तासात गोष्टीसाठी साधारण बावीस मिनिटं मिळतात. त्यात 'मी हे लग्न करणार नाही' या वाक्यावर घरातल्या नऊ जणांचे डोळे प्रत्येकी दोनदा दिसले, तर त्या दिवशी लिहायला कुणाकडे काही नव्हतं. हे मी लिहिणारीच्या बाजूनेच सांगतेय. पहिल्या महिन्यात कथा, पटकथा, संवाद असे तीन वेगळे लेखक एकमेकांना नीट भेटलेलेही नसतात.

आणि भाषा ऐका. कोल्हापूरची म्हणून दाखवलेली मुलगी फक्त 'व्हय' आणि 'न्हाय' म्हणून बाकी सगळं पुस्तकी बोलत असेल, तर खुशाल बंद करा.

पाडव्याचा भाग खरंच पाडव्याला चित्रित करतात का? (रत्नागिरीहून एक शिक्षिका)

छे. नवी मालिका सुरू होताना दहा-पंधरा भाग हाताशी तयार ठेवतात. त्याला 'बँक' म्हणतात. ती भराभर आटते, तरी सण आठवडाभर आधी उरकलेला असतो. मी लिहिलेली पाडव्याची सकाळ रात्री साडेनऊला चित्रित होताना पाहिली आहे. खिडकीबाहेर मोठा दिवा लावून ऊन पाडलेलं, नायिका नऊवारीत घामाघूम, आणि साखरेच्या गाठीला मुंग्या लागलेल्या. एक मुंगी तांब्यावरून चढताना क्लोजअपमध्ये स्पष्ट दिसली, म्हणून पुन्हा टेक. आर्टवाल्या मुलाने गाठी बदलली, तर नवी गाठी लांबीला कमी. कंटिन्युइटीवाली मुलगी, म्हणजे आधीच्या शॉटशी सगळं जुळतंय ना हे बघणारी, ऐकेना. शेवटी जुनीच झटकून लावली आणि गुढी जरा लांबून टिपली. खऱ्या पाडव्याला मात्र बहुतेकांना सुट्टी मिळाली होती.

पाडव्याची खरी धांदल उडाली ती 2021 मध्ये. त्या वर्षी पाडवा 13 एप्रिलला होता आणि त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी करोनाचे नवे निर्बंध जाहीर केले. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यातलं चित्रीकरण बंद. मग युनिटं गोव्याला गेली, काही सिल्वासा-दमणकडे. पडद्यावरची एकत्र कुटुंबं कुठल्याशा लग्नाचं नाहीतर सहलीचं निमित्त काढून रिसॉर्टवर राहू लागली. मे महिन्यात गोव्यानेही चित्रीकरण थांबवलं, तेव्हा लेखकांना पुन्हा नवी निमित्तं शोधावी लागली. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा अचानक सगळ्यांच्या घरांत नारळाची झाडं उगवली होती.

पूर्वी दूरदर्शनवर तेरा भागांत मालिका संपायची. आता का नाही? (पुण्याहून एक होतकरू लेखक)

निर्मात्याला पैसे भागामागे मिळतात आणि सेटचा खर्च पहिल्याच महिन्यात होऊन बसतो. तेरा भागांत तो फिटत नाही. तुझ्याकडे तेरा भागांची गोष्ट असेल तर ओटीटीवाल्यांना दाखव. रोजच्या मालिकेसाठी तीच गोष्ट ताणायला घेऊ नकोस.

नोकरीमुळे सात वाजता घरी नसते. सगळं मोबाइलवर रात्री बघते. माझं बघणं मोजलं जातं का? (ठाण्याहून एक परिचारिका)

गुरुवारच्या आकड्यात नाही. तो फक्त टीव्हीचा असतो. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर असतात. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, दोन्हींच्या मालिका 2025 च्या फेब्रुवारीपासून जिओहॉटस्टारवर एकाच ठिकाणी सापडतात. मोबाइलवर किती जणांनी पाहिलं हे त्या कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं, पण साडेसहाला ढकलायचं की नाही हे त्यावरून ठरताना मी तरी पाहिलेलं नाही. तेव्हा एखादी नवी मालिका फारच आवडली असेल, तर घरी असलेल्या सासूबाईंना टीव्हीवर ती लावायला सांगा. त्यांच्याकडे मीटर असण्याची शक्यता कमी आहे, पण शेजारी त्यांच्याकडेच बघायला येतात, गोडी लागली तर आपल्या घरीही लावतील, आणि त्यातल्या कुणाच्या घरी तो असेल हे सांगता येत नाही.