वेलिंग्टन, आयर्लंड आणि असईचा उतार

प्रश्न : वेलिंग्टनचा ड्यूक इंग्रज की आयरिश? ‘तबेल्यात जन्मलं म्हणून कुणी घोडा होत नाही’ असं तो म्हणाला होता ना?

उत्तर : वेलिंग्टनचा ड्यूक म्हणजे आर्थर वेलस्ली, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ब्रिटिश सेनापती. जन्म १७६९चा, डब्लिनचा. घराणं मूळ इंग्लंडचं, पण पिढ्यान्‌पिढ्या आयर्लंडमध्ये जमीनदारी करणारं प्रोटेस्टंट. वडील मॉर्निंग्टनचे अर्ल. अशा घराण्यांना अँग्लो-आयरिश म्हणतात. तबेल्याचं वाक्य उगाच त्याच्या तोंडी घातलं जातं. आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेलने १८४३ साली त्याच्यावर मारलेला तो टोला आहे. कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडणारा १८२९चा कायदा मात्र पंतप्रधान म्हणून त्यानेच तडीस नेला, त्यापायी लॉर्ड विंचिल्सीशी पिस्तुलांचं द्वंद्वही केलं. ही बाजू लोक विसरतात, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : हुद्दे वशिल्याने मिळाले का?

उत्तर : सुरुवातीचे, हो. तेव्हा ब्रिटिश लष्करात हुद्दे विकत मिळत आणि थोरला भाऊ रिचर्ड मदतीला होता. हाच रिचर्ड १७९८ साली हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला. पण १७९३ साली किटी पॅकनहॅमच्या घरच्यांनी आर्थरला लग्नाला नकार दिला, तेव्हा त्याने स्वतःची व्हायोलिनं जाळली. वडील ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे प्राध्यापक होते, म्हणजे घरात संगीत मुरलेलं. तिथून पुढे तो खऱ्या अर्थाने लष्कराचा झाला.

प्रश्न : त्याची सर्वांत मोठी लढाई वॉटर्लूच ना?

उत्तर : म्हातारपणी त्यालाच विचारलं होतं, लढाईत सर्वांत चांगली कामगिरी कोणती? तो म्हणाला, असई.

आपल्या जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा, मध्ये केळणा नदी. वाटाडे म्हणाले, जवळपास उतार, म्हणजे नदी पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा, नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं : दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळची गावं म्हणजे माणसांचं, गुरांचं येणंजाणं असणारच, आणि येणंजाणं म्हणजे उतार! माणूस पाठवून खात्री केली; उतार होता. फौज पाण्यात शिरली तेव्हा मराठ्यांच्या तोफगोळ्याने त्याच्याजवळच्याच एका स्वाराचं मुंडकं उडवलं. पुढे त्याच्या मांडीखालचा एक घोडा गोळीने पडला, दुसरा, डायोमीड, भाल्याने जखमी झाला.

प्रश्न : मराठे पळाले, असं पुस्तकांत वाचलं. खरं?

उत्तर : हे सरसकट म्हणणं अन्याय आहे. शत्रू बगलेवर उतरलाय हे दिसताच शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या जर्मन अधिकाऱ्याने त्यांच्या कंपूंची (कवायती पलटणींची) अख्खी फळी वळवून समोर उभी केली. ही कवायत सोपी नव्हे. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. सुमारे साडेचार हजार कवायती शिपायांनिशी उतरलेल्या वेलस्लीचे १५८४ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्या पायदळाची आणि गोलंदाजांची तारीफ त्याने स्वतः पत्रांतून केली आहे. रणातून आधी निघून गेले ते शिंदे आणि भोसले. त्यांचं अफाट घोडदळ जवळजवळ नुसतं बघत राहिलं, आणि जवळपास शंभर तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.