लेन्स जमा करायच्या आधी हवा तपासा

ताई, लेन्स अजून सर्व्हिस सेंटरला दिली नसेल तर थांबा. दिली असेल तर उद्याच जाऊन परत आणा. तपासणीचे पैसे मागितले तर तेही देऊन टाका, पण आणा.

तुम्ही इथे पोस्टमध्ये लिहिलंय की डोंबिवलीच्या गॅलरीतून काढलेले शिंजीर आणि दयाळ हे छोटे पक्षी पिसापिसासकट शार्प येतात. तीच १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स घेऊन उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवणला गेलात, तर फ्लेमिंगो कापसाचे आणि पट्टकदंब या रानहंसाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे एकमेकांत मिसळलेले. फोकसही सारखा मागेपुढे धावत होता. काउंटरवरच्या माणसाने लेन्स हातात घेऊन सांगितलं की फोकस फिरवणारी मोटर गेली असावी, ठेवून जा. आणि तुम्हाला फेब्रुवारीत पुन्हा जायचंय. हे सगळं माझ्या बाबतीत असंच्या असं झालेलं आहे, अगदी गावासकट. म्हणून एवढं लांबण लावतोय.

आधीच सांगतो, मी तंत्रज्ञ नाही, तुमची लेन्स मी हाताळलेली नाही, आणि मोटर खरंच जाऊही शकते. पण जवळचं शार्प आणि लांबचं सॉफ्ट हे ऐकलं की माझा पहिला संशय हवेवर जातो. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर लांबची गाडी थरथरताना दिसते, तोच प्रकार. फरक इतकाच, की ६०० मिलिमीटरवर तो जानेवारीतही होतो आणि डोळ्याला दिसतही नाही. गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत मिसळत असले की त्यातून येणारा प्रकाश सरळ येत नाही. तुमच्या गॅलरीतला शिंजीर आठ-दहा फुटांवर असतो, मध्ये हवा ती कितीशी? उजनीच्या फुगवट्यात फ्लेमिंगो दोनशे-तीनशे मीटरवर उथळ पाण्यात उभे, मध्ये तापत चाललेला चिखल, थोडं पाणी, पुन्हा चिखल. त्यात होडीत बसल्यामुळे तुमची नजर पाण्याला जवळजवळ घासून जाते, म्हणजे सगळ्यात वाईट थरातूनच लांबवर बघता. अशा हवेत ऑटोफोकसला कड सापडत नाही आणि तो शोधत फिरतो. काउंटरवर त्याला मोटरचा दोष म्हणतात.

हे ओळखायचं कसं, तर ओळीने काढलेल्या दहा-बारा फ्रेम संगणकावर शंभर टक्के मोठ्या करून एकामागून एक बघा. पक्षी हललेला नसताना एक फ्रेम बरी, पुढची गचाळ, तिसरी अर्धी बरी, चोच जरा वाकडी, पायांच्या कडा नागमोडी असं दिसलं तर ती हवा. फोकस चुकला असेल तर पक्षी सॉफ्ट असतो, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत, चिखलाचा एखादा पट्टा तरी शार्प सापडतो. हात हलला असेल तर सगळं एकाच दिशेला ओढलं जातं, डोळ्यातल्या चमकेची रेघ होते. तुम्ही टाकलेल्या फोटोत मागच्या बाभळींच्या फांद्या दुहेरी दिसतायत. मला तरी ती हवाच वाटते. पण तो फोटो क्रॉप केलेला आहे, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही.

आता माझी लेन्स ज्यांच्याकडे गेली त्या सर्व्हिस सेंटरबद्दल. नाव घेत नाही, कोणी विचारूही नये. दिवाळीनंतर मी लेन्स दिली. पावतीवर दोन शब्द, 'फोकस इश्यू'. मी मेमरी कार्ड घेऊन गेलो होतो, म्हटलं फोटो बघा, कुठल्या अंतरावर काय होतंय ते कळेल. कार्डाला हात लावला नाही. एसी खोलीत समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावर दोनदा बटण दाबलं, 'हां, थोडा हंट करतोय' (म्हणजे फोकस शोधत फिरतोय) म्हणाले आणि पिशवीत घातली. पक्षी किती लांब होता, ऊन होतं का, पाण्यावरून काढलेत का, यातला एक प्रश्न विचारला असता तरी माझा हिवाळा वाचला असता. मग लेन्स दुसऱ्या शहरात गेली, हे मला फोन केल्यावर कळलं. पुढे दर फोनला वेगळा आवाज, उत्तर मात्र एकच, 'पार्ट यायचाय'. कुठला पार्ट ते ताकास तूर लागू देईनात. अंदाजपत्रक आलं ते मंजूर केलं, कारण नाही म्हटलं तर तपासणी आणि कुरिअरचे पैसे वेगळे. शिमग्याच्या सुमारास लेन्स हातात पडली. बिलावर 'जनरल सर्व्हिस', सोबतच्या कागदावर 'सर्व निकष मर्यादेत'. म्हणजे बिघाड नव्हताच! मोटर बदलली का विचारलं तर 'सर, सिस्टीममध्ये तेवढंच दिसतंय.' पुढच्या काचेच्या आत आधी नसलेला धुळीचा एक कण मात्र दिसत होता, त्याबद्दल म्हणे फोटोवर परिणाम होत नाही.

पैशाचं दुःख कधीच विसरलो. पण त्या वर्षी पाऊस बेताचा होता, उजनी लवकर उतरली, चिखल लवकर उघडा पडला आणि फ्लेमिंगो डिसेंबरातच आले. मी काठावर दुर्बीण घेऊन. दुर्बिणीतून बघायला मजा येते हे खरं, आणि त्या वर्षी पाणपक्षी ओळखायला मी जास्त शिकलो हेही खरं, पण ते त्या सेंटरच्या कृपेने नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: धरण काठोकाठ भरलेलं असेल त्या वर्षी उथळ जागा उशिरा तयार होतात आणि फ्लेमिंगोही उशिरा जमतात. म्हणून जायच्या आधी होडीवाल्याला फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा, 'पक्षी आहेत का' असं विचारू नका. त्याला उत्तर 'आहेत, या' असंच येतं.

तर लेन्स आधी घरीच तपासा. सूर्य उगवायच्या सुमारास सोसायटीच्या गच्चीवर जा. लोखंडी पत्र्याजवळ किंवा रात्रभर बाहेर गरम हवा फेकणाऱ्या एसीच्या डब्याजवळ नको. मसाल्याचं बारीक अक्षरांचं पाकीट एका टोकाला चिकटवा, ट्रायपॉड दुसऱ्या टोकाला, दहा-पंधरा मीटर पुरे. दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर (हाताची थरथर शमवणारी सोय) बंद. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून ऑटोफोकसने परत आणा आणि काढा. अक्षरं दर वेळी वाचता आली तर मोटर ठणठणीत आहे. तुमचा कॅमेरा डीएसएलआर (आत आरसा असलेला) असेल तर एकदा व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून, आणि एकदा लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून करा. लाइव्ह व्ह्यूवर शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधून नेहमी सारखाच मागे किंवा पुढे येत असेल तर कॅमेऱ्यात ऑटोफोकस फाइन ट्यून (अशी कायमची चूक सुधारायची सेटिंग) असेल तर तिने तो दोष निघतो, त्याला सेंटर लागत नाही. मग तेच पाकीट दुपारी एकला त्याच गच्चीवर, त्याच अंतरावर काढून बघा. हे दोन फोटो शेजारी ठेवले की माझं सगळं वरचं व्याख्यान वाचायची गरज नाही.

आणि हो, तुमच्या पोस्टखाली तिघांनी यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावायची जादा काच) लावा म्हटलंय. मी म्हणेन, असला तर काढा. स्वस्त फिल्टर १०० मिलिमीटरवर खपून जातो, ६०० वर नाही. काचेच्या संरक्षणाला हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची नळी, पुरतो. (हूडबद्दल एक गंमत. गाडीत तापलेली लेन्स गार हवेत बाहेर काढली की हूडच्या आतच गरम हवा साठून थरथर होते. अशा वेळी लेन्स थोडा वेळ बाहेर राहू द्या, हूड काढून बघा.) एकाने दोन-अडीच लाखांची लेन्स घ्यायला सांगितलंय. महाग लेन्सला हवा वेगळी मिळत नाही. मोह होत असेल तर शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्या, डिपॉझिट आणि ओळखपत्र घेऊन देणारे पुण्या-मुंबईत बरेच आहेत. तुमच्या लेन्सशेजारी लावून एकाच वेळी काढा, मग ठरवा.

गच्चीवरच्या परीक्षेत लेन्स नापास झाली, किंवा फोटोची एकच बाजू कायम सॉफ्ट येत असेल, घरघर ऐकू येत असेल, कॅमेऱ्यावर एरर येत असेल, तर मात्र द्या. देताना बिघाडाचं वर्णन पावतीवर पूर्ण वाक्यात लिहून घ्या, सिरियल नंबर घाला, दोन्ही काचांचे फोटो त्यांच्यासमोर काढा. हूड, झाकणं, ट्रायपॉडची कॉलर घरी ठेवा. लेन्स इथेच उघडणार की बाहेरगावी पाठवणार, आणि बिघाड नाही निघाला तर किती घेणार, हे दोन प्रश्न लेखी. आणि शक्यतो जूनमध्ये द्या. पावसात पक्षी नसतात असं मी मुळीच म्हणत नाही, नवरंग आणि तिबोटी खंड्या तेव्हाच कोकणात येतात. पण तिबोटीच्या घरट्यासमोर आडोसे लावून रांगेने फोटो काढणं जे चालतं ते मला पटत नाही, तेव्हा त्या दिवसांत लेन्स सर्व्हिसला गेली तर माझ्या मते काही बिघडत नाही. यावर इथे वाद होईल. होऊ दे.

आता भिगवण. होड्या सुटतात ते गाव कुंभारगाव असो की डिकसळ, पहिली होडी पकडा. पण पहाटे पाण्यावर वाफ दिसत असेल तर तेव्हाही थरथर असतेच, पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून. तेवढा वेळ वाफेतले वातावरणाचे फोटो काढा, कळप, सोनेरी उजेड, डोलकाठी. पाखराच्या डोळ्याच्या मागे लागू नका. वाफ विरल्यापासून ऊन चढेपर्यंतचा जो काळ, तो खरा. ढगाळ दिवस मिळाला तर नशीब. ऊन चढलं की लांबच्या फ्लेमिंगोंचा नाद सोडा आणि होडीजवळ येतात त्यांच्याकडे वळा: कुरव, नदी सुरय, खांबावर बसलेला कवड्या खंड्या, काठाने चिखल टोचत फिरणारे शेकाटे, मोर शराटी. हे पंधरा-वीस मीटरवर मिळतात आणि तुमची लेन्स त्यांना गॅलरीतल्या शिंजीराइतकंच शार्प काढेल. होडीत ट्रायपॉड ठेवू नका, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. इंजिन बंद करून वल्ह्याने न्यायला सांगा, शटर १/२००० सेकंदाच्या आसपास. एवढ्या शटरला मी स्टॅबिलायझर बंद ठेवतो, काहींचं मत उलट आहे. लेन्सवर फोकसची हद्द ठरवणारं बटण असतं, ते १० मीटर ते अनंत असं ठेवलं तर फोकस अर्धा रस्ता तरी कमी धावतो. मात्र घरी आल्यावर परत पूर्णवर आणा, नाहीतर शिंजीर फोकसच होत नाही म्हणून पुन्हा इथे पोस्ट टाकाल.

खाली बसून पाण्याच्या पातळीवरून काढा हा सल्ला सगळीकडे दिला जातो. जवळच्या पक्ष्याला तो बरोबर. लांबच्याला उलट होडीत उभ्याने, नाहीतर काठावरच्या उंचवट्यावरून काढलेला कधी कधी बरा येतो, तो सगळ्यात खालचा तापलेला थर टळतो म्हणून. होडीत उभं राहायचं तर होडीवाल्याला विचारून आणि लाइफ जॅकेट घालून. आणि फ्लेमिंगो उडवायला सांगू नका. तुम्ही सांगणार नाहीच, पण शेजारच्या होडीतून कोणी ओरडलं तर आपल्या होडीवाल्याला 'आपल्याला नको' एवढं म्हणा. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाने म्हटल्यावर त्यालाही बरं वाटतं. जेवायला चिलापी. मासे खात नसाल तर पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवावी लागते.

घरच्या फोटोंबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण एक दिसलं म्हणून सांगतो. तुमच्या शिंजीराचं पोट पिवळं आणि मधोमध काळी पट्टी आहे. ती मादी नाही, विणीचा हंगाम संपल्यावर साधी पिसं घातलेला नर आहे, मथळा बदला. तो जास्वंदीच्या तोंडातून मध न घेता फुलाच्या बुडाला चोचीने भोक पाडतोय, तुमच्या तिसऱ्या फोटोत ते भोकही दिसतंय. तोच फोटो सगळ्यात चांगला आहे आणि तुम्ही तो सगळ्यात शेवटी टाकलाय. गॅलरीतही हवेचा त्रास होतो बरं का: एसी खोलीतून दार किलकिलं करून काढलेत तर गार हवा बाहेर जाताना तीच थरथर करते. बंद काचेतून काढायचं झालं तर लेन्स काचेला काटकोनात आणि जवळजवळ टेकवून. तिरकं काढाल तर सॉफ्ट येणार, आणि पुन्हा मोटरवर आळ येणार.

गच्चीवरचे सकाळ-दुपारचे दोन फोटो आणि भिगवणच्या ओळीने आठ-दहा फ्रेम, क्रॉप न करता, इथेच टाका. शटर, आयएसओ आणि वेळ लिहा. मी रात्री नवानंतर बघतो. तोवर काउंटरवाल्याचा फोन आला तर 'कळवते' म्हणा.