पडलेली जड टूरिंग बाईक एकट्याने उचलता येते का? आणि पार्क करताना पडू नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची ५ फूट ३ इंच, वजन ६० किलो, घ्यायची आहे २८० किलोची टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाची, बाईक. ती पडली तर एकट्याने उचलता येईल का, आणि पार्किंगला काय काळजी घ्यायची?

उचलता येईल, पण जमीन सपाट, कोरडी आणि घट्ट हवी आणि सामान आधी उतरवलेलं हवं. यातली एक अट जरी हुकली तर दुसऱ्या माणसाची वाट बघा, त्यात कमीपणा काही नाही.

तरी मी पार्किंगपासून सुरुवात करतो, कारण या गाड्या पडतात त्या बहुतेक उभ्या असताना किंवा चालण्याच्या वेगात असताना. एक ढोबळ हिशेब सांगतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर धरा आणि तुमचे हात साधारण एक मीटर उंचीवर. २८० किलोची गाडी अगदी सरळ असेल तर दोन बोटांनी तोलता येते. ५ अंश कलली की हातांवर १३-१४ किलोचा जोर येतो, तोही झेपतो. २० अंशांवर तोच जोर ५० किलोच्या पुढे जातो. म्हणजे सावरता येईल की नाही हे पहिल्या काही अंशांतच ठरतं. त्यापुढे गेली तर सोडून द्या आणि पाय बाजूला घ्या. क्रॅश गार्ड असतो कशासाठी? घोट्यापेक्षा गार्ड स्वस्त.

थांबतानाचा सगळ्यात मोठा घातकी प्रकार म्हणजे हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबणं. पुढचा शॉकअप खाली बसतो, वजन वळलेल्या बाजूला झुकतं आणि तुमचा पाय टेकेपर्यंत गाडी हातातून गेलेली असते. शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये हँडल सरळ ठेवा आणि मागच्या ब्रेकवर थांबा. पाय कुठे पडणार आहे ते थांबायच्या आधी बघा. खडी, सांडलेलं ऑईल, रस्त्याच्या कडेचा खोलगट भाग, हे सगळं गाडी थांबल्यावर दिसून उपयोगाचं नसतं. तुमच्या उंचीला तर हे जास्तच लागू आहे. डावीकडे जमीन दोन इंच खाली असेल तर टाच टेकणार नाही आणि कलण्याची ती मर्यादा तिथेच ओलांडली जाईल.

पार्किंगची जागा निवडताना मी आधी एकच गोष्ट बघतो: निघताना गाडी इंजिनच्या जोरावर पुढे काढता येईल का? रस्ता कडेकडे उतरत असेल आणि तुम्ही नाक खाली करून गाडी घातलीत, तर निघताना २८० किलो चढावर मागे ओढायचे आहेत. पायांनी ते होत नाही. गाडी मागे घेत लावा, मागचं चाक कडेला, नाक रस्त्याकडे. होंडाने १९८८ च्या गोल्ड विंग या जड टूरिंग बाईकमध्ये स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स दिला तो याच कारणासाठी. तुमच्या गाडीला रिव्हर्स नसेल तर ते काम डोक्याने करायचं.

साइड स्टँड लावताना चढ-उतार दोन्ही दिशांनी बघा. गाडीच्या लांबीत उतार असेल तर नाक चढाकडे ठेवा आणि पहिला गिअर टाकून बंद करा. नाक उताराकडे असेल तर गाडी जराशी पुढे सरकली तरी स्टँड मागे दुमडतो, कारण तो त्याच दिशेला दुमडण्यासाठी बनवलेला असतो. न्यूट्रलमध्ये उभी केलेली जड गाडी मला बघवत नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर गिअर धरून ठेवत नाही, म्हणून त्यांना वेगळा पार्किंग ब्रेक असतो, तो लावायची सवय करा. रुंदीतला उतार लोक विसरतात. स्टँड डावीकडे असतो. डावीकडची जमीन उंच असेल तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि कुणाच्या धक्क्याने उजवीकडे कोसळू शकते. डावीकडची खोल असेल तर गाडी इतकी कलते की परत सरळ करताना घाम निघतो. हँडल डावीकडे वळवून लॉक करा, उतरल्यावर स्टँड पूर्ण पुढे गेलाय का ते पायाने एकदा दाबून बघा आणि मगच हात सोडा.

मऊ माती, वाळू किंवा दुपारचं तापलेलं डांबर असेल तर स्टँड हळूहळू आत रुततो. लावली तेव्हा ठीक दिसते, तासाभराने आडवी. स्टँडखाली तळहाताएवढा चपटा लाकडी तुकडा किंवा जाड प्लॅस्टिकची चकती ठेवा. चकतीला भोक पाडून दोरी बांधा, दोरी हँडलला अडकवा. सीटवर बसूनच चकती खाली सोडता येते आणि निघताना ओढून घेता येते.

मागे कुणी बसणार असेल तर गाडी साइड स्टँडवर असताना चढू देऊ नका. आधी तुम्ही बसा, गाडी सरळ करा, ब्रेक धरा, मग ‘बस’ म्हणा. उतरताना आधी त्यांनी उतरायचं.

डबल स्टँडला लोक उगाच घाबरतात. हातांनी गाडी वर ओढायला गेलात तर ती हलणार नाही आणि कंबर मात्र धरेल. गाडीच्या डावीकडे उभे राहा, डावा हात हँडलवर, उजवा मागच्या पकडीवर. उजव्या पायाने स्टँड खाली दाबा आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला एकाच वेळी टेकलेत हे जाणवेपर्यंत गाडी सरळ करा. आता उजवा पाय ताठ करून स्टँडवर अक्षरशः उभे राहा. हात फक्त दिशा देतात, गाडी मागे सरकत स्वतःच वर चढते. तुमचं वजन कमी आहे, म्हणून मागचं चाक आधी पाऊण इंचाच्या फळीवर चढवून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. खाली उतरवताना साइड स्टँड आधीच उघडून ठेवा. आणि उतारावर डबल स्टँड नको.

आता पडलेली गाडी. पहिल्यांदा तुम्ही ठीक आहात ना ते बघा, मग मागून येणारी वाहनं. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि चावी बंद करा. पेट्रोलचा वास येत असेल तर आसपास कुणाला विडी-सिगारेट ओढू देऊ नका. मग दोन मिनिटं थांबा. लाजेपोटी घाईघाईत उचलायला गेलेल्यांच्याच पाठी जातात.

उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आताच उघडा, म्हणजे गाडी सरळ होऊन पलीकडे झुकली तरी स्टँडवर बसेल. डावीकडे पडली असेल तर तो उचलल्यानंतरच उघडता येतो. शक्य असेल तर पहिला गिअर टाका, नाहीतर पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून बांधा. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. तुमचे पाय जिथे रेटणार आहेत तिथली खडी बाजूला सारा.

आता गाडीकडे पाठ करा. सीटच्या कडेला नितंब टेकवा, गुडघे वाकवा, पाठ सरळ, मान वर. एका हाताने मूठ खालून धरा, दुसऱ्याने फ्रेम किंवा मागची पकड. सायलेन्सर कुठे आहे ते आधी बघा, तो तापलेला असतो. मग हातांनी न ओढता पायांनी मागे रेटत छोटी छोटी पावलं टाका. सुरुवातीला सीटपाशी लागणारा जोर दीडशे किलोच्या पुढे असू शकतो, हातांना तो जमणार नाही, मांड्यांना जमतो. गार्ड किंवा बाजूच्या पेट्यांवर गाडी अर्धवट टेकून राहिली असेल तर बरंच सोपं जातं. जसजशी वर येते तसतसा जोर कमी लागतो, आणि नेमकं तिथेच लोक जोर कमी करायला विसरून ती दुसऱ्या बाजूला पाडतात. शेवटचा भाग अगदी हळू.

उतारावर पडली असेल आणि चाकं चढाच्या बाजूला असतील तर उचलायचा विचार सोडा. दोघांनी मिळून गार्डवर फिरवा, चाकं उताराकडे आली की गाडी आधीच थोडी उभी असते.

उचलल्यावर लगेच सुरू करू नका, ऑईल खाली बसू द्या. बऱ्याच फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्यांत आडवं पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, चावी एकदा बंद-चालू केल्याशिवाय ती सुरूच होत नाही. ब्रेकची आणि क्लचची लिव्हर, गिअरचं पेडल आणि हँडल सरळ आहे का, हे बघून मगच निघा.

आणि पैसे भरण्याआधी एक करा. सीटवर बसून टाचा टेकतात का हे सगळेच बघतात. तुम्ही उतरून, इंजिन बंद ठेवून, गाडी कमरेला टेकवत आणि पुढच्या ब्रेकवर हात ठेवत दहा पावलं मागे ढकलून बघा, आणि डबल स्टँडवर एकदा लावून बघा. कुणीतरी उजव्या बाजूला उभं असू द्या.